वावर कसणारं घर आणि स्लॅबावरच्या बारा पेट्या

वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यातल्या या घराकडे पाच एकर काळी कोरडवाहू जमीन आहे. कपाशी, कपाशीत तुरीच्या ओळी, वरच्या तुकड्यात सोयाबीन. घरचे कर्ते म्हातारे, ज्यांना सून मामाजी म्हणते आणि मीही तेच म्हणतो, त्यांची उभी हयात वावरात गेली. तरी या घरात भाजी यायची ती आठवडी बाजारातून. बाहेरच्या माणसाला हे चमत्कारिक वाटेल, वर्धा-यवतमाळकडे यात काही नवल नाही. वावर गावापासून दोन किलोमीटर, तिथं रोही म्हणजे नीलगाई, आणि रानडुकरं. रात्रीची जागल असेल तरच पीक हाती लागतं, आणि चार वाफे वांग्यांसाठी कोणी जागल करत नाही. घरामागे पूर्वी सांदवाडी, म्हणजे परस होतं, तिथं आता घरकुल उभं आहे. उरलेल्या जागेत गोठा, कपाशीच्या पऱ्हाट्यांचा ढीग आणि दिवसभर मोकाट फिरणाऱ्या कोंबड्या-बकऱ्या. ऊन येईल आणि बकरी पोचणार नाही अशी जागा एकच राहिली होती, घरकुलाच्या डोक्यावरचा स्लॅब.

सुनेनं बचत गटाच्या बैठकीत पोषण परसबागेबद्दल ऐकलं होतं. तिथं जे सांगितलं ते जमिनीवरच्या वाफ्यांचं होतं. हिनं ते स्लॅबावर न्यायचं ठरवलं आणि गावच्या वाढयाकडून पॅकिंगच्या फळ्यांच्या बारा पेट्या करून घेतल्या. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, नऊ इंच उंच. आतून खताच्या रिकाम्या गोण्यांचं अस्तर. पेट्या भरायची वेळ आली तेव्हा मामाजींनी बंडीभर माती वावरातून आणून दिली. नर्सरीतून मिश्रण आणावं असं सुनेच्या मनात होतं, पण त्यांनी विषय मिटवला: "माह्या वावरातली माती कापूस पिकवते, मंग सांबार काहून नाही पिकवणार?"

मृगात पेरणी झाली. सांबार म्हणजे कोथिंबीर, पालक, भेंडी, वांगी, मिरची. उगवण चांगली झाली. जुलैच्या झडीत पेट्यांचा चिखल झाला, सांबार बुडाशी सडून आडवा पडला, पालकाची पानं पिवळी पडली. ऑगस्टमध्ये पावसानं खंड दिला तेव्हा तीच माती कडक होऊन चारी बाजूंनी फळ्यांपासून सुटली. बोट जाईल एवढी फट. वरून ओतलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली, रोपाला थेंब नाही. सून घागरीवर घागर ओतत होती आणि वांगी माना टाकत होती. मला बोलावणं आलं ते यानंतर, आणि तेही भाजीसाठी नव्हे. पुढच्या खोलीच्या छताला ओल दिसायला लागली होती.

या घराला शेती येत नव्हती असं नाही. चांगली येत होती, म्हणूनच पेट्या बिघडल्या. वावरात जे जे बरोबर, त्यातलं निम्मं पेटीत उलटं पडतं. पुढे जे काही बदललं त्याचा धागा हाच आहे.

वजन आधी, भाजी मग

पेट्या मी बघायला गेलो तेव्हा बाराही स्लॅबाच्या मधोमध, एकीला एक लागून मांडल्या होत्या, कारण ऊन तिथं सर्वांत चांगलं. थेट स्लॅबावर टेकलेल्या, त्यामुळे खाली पाणी तुंबलेलं, आणि एका पेटीनं पन्हाळीकडे जाणारा उतारच अडवलेला. ओल तिथूनच उतरत होती. पण मला ओलीपेक्षा वजनाची धास्ती वाटली.

माणसं ज्यावर वावरतात अशा गच्चीसाठी दर चौरस मीटरला 1.5 किलोन्यूटन, म्हणजे साधारण 150 किलो वजन हिशेबात धरतात. हा आकडा आयएस 875 या भारतीय मानकाच्या दुसऱ्या भागातला. जिथं जिना नाही, दुरुस्तीपुरतं कधी कोणी चढेल एवढंच, तिथं तो निम्मा आहे, 0.75. या घराला जिना नाही, बाहेरून लोखंडी शिडी लावलेली आहे. तेव्हा स्लॅब कोणत्या आकड्यावर ओतला असेल याचा अंदाज कमीकडेच बांधायला हवा.

आता पेटी. तळ साडेचार चौरस फूट, म्हणजे 0.42 चौरस मीटर. आठ इंच भरली की 84-85 लिटर माती. ओली काळी माती लिटरमागे पावणेदोन किलोच्या आसपास भरते. म्हणजे एक पेटी जवळजवळ दीडशे किलोची आणि तिच्याखालच्या स्लॅबावर चौरस मीटरला साडेतीनशे किलोचा भार. हा हिशेब चौरस मीटरमध्ये सांगून घरात कोणाला पटला नाही. मग मी सगळ्या पेट्यांची बेरीज सांगितली: अठरा क्विंटल. मामाजी स्लॅबाकडे बघत म्हणाले, "अठरा क्विंटल कापूस म्या कधी या छपरावर ठेवला नसता." त्याच दिवशी संध्याकाळी माती उपसायला सुरुवात झाली.

पेट्या भिंतींच्या रेषेवर गेल्या. स्लॅबाच्या मधल्या भागात काही नाही, दारावरच्या छज्जावर तर अजिबात नाही. छज्जा एका बाजूनं अधांतरी असतो आणि लोक कुंड्या नेमक्या तिथंच ओळीनं मांडतात, मला ते बघवत नाही. प्रत्येक पेटीखाली विटांच्या दोन रांगा, त्यामुळे खालून वारा जातो, झाडू फिरतो आणि पाणी पन्हाळीपर्यंत मोकळं वाहतं. गळका भाग गवंड्यानं टाचून, वॉटरप्रूफिंग करून दिला. तो पुरता वाळेपर्यंत वर काही चढवलं नाही. ज्यांचा स्लॅब आधीच गळतो त्यांनी पेट्यांचा विचार त्या वर्षी सोडून द्यावा आणि पैसे स्लॅबावर घालावेत, असं माझं सरळ मत आहे.

माती बदलली

काळ्या मातीत चिकणमातीचं प्रमाण फार, आणि तीही फुगणाऱ्या-आकसणाऱ्या जातीची. वावरात हा गुण आहे. उन्हाळ्यात जमीन भेगाळते, पहिला पाऊस त्या भेगांतून खोल जातो, माती फुगून भेगा बुजतात आणि ओल आत कोंडली जाते. खोल काळ्या जमिनीचा एक मीटरचा थर पिकाला वापरता येईल असं दीडशे-दोनशे मिलिमीटर पाणी धरून ठेवतो. कपाशीचं सोटमूळ ते पाणी शोधत खाली जातं, म्हणून पावसाचा खंड पडला तरी पऱ्हाटी तग धरते.

पेटीत खाली जायला जागाच नाही. शिवाय दुसरी एक गोष्ट होते जी वावरात दिसत नाही. कोणत्याही भांड्यातली माती पाणी देऊन निथळली तरी तिच्या तळाशी एक थर पूर्ण भिजलेला राहतो. भोकं कितीही पाडा, तो थर निथळत नाही. माती जितकी बारीक कणांची, तितका तो थर जाड. वावरात खालची कोरडी माती वरचं पाणी ओढून घेते, पेटीत खाली हवा असते आणि हवा पाणी ओढत नाही. आठ इंचांच्या पेटीत काळी माती भरली की पावसाळ्यात जवळजवळ सगळी पेटीच तो थर बनते. मुळं गुदमरतात, पानं पिवळी पडतात आणि पाहणाऱ्याला वाटतं खत कमी पडलं. जुलैमध्ये सुनेनं याच समजुतीनं वरून युरियाची चिमूट टाकली होती.

तळाशी खडे किंवा गिट्टीचा थर घालायचा सल्ला सगळीकडे मिळतो. त्यानं निचरा सुधारत नाही. भिजलेला थर फक्त गिट्टीच्या वर सरकतो आणि मुळांची जागा आणखी कमी होते. वजन वाढतं ते वेगळंच. भोकांवर जाळीचा तुकडा पुरतो.

नवं मिश्रण घमेल्यानं मोजून केलं. एक घमेलं चाळलेली काळी माती, एक घमेलं जुनं शेणखत, एक घमेलं कोकोपीट, एक घमेलं भाताचा तूस. काळी माती पूर्ण काढली नाही, कारण अन्नद्रव्यं धरून ठेवायला तिच्यासारखं काही नाही, फक्त ती चौथाईवर आणली. तूस भिवापूर-नागभीडकडच्या राइस मिलमधून आला, धानपट्टा इथून लांब नाही. कोकोपीटच्या पाच किलोच्या विटा चार लागल्या, एक वीट भिजून 65-70 लिटर होते. ती आधी दोनदा पाण्यातून काढून पिळून घ्यावी लागते, नाहीतर तिच्यातले क्षार कोवळ्या रोपांना बाधतात. भरलेली पेटी पाणी देऊन कापसाच्या काट्यावर तोलली, नव्वद किलोच्या आत भरली. पालेभाज्यांच्या पेट्या सहा इंचच भरल्या, त्या आणखी हलक्या. नव्वद किलोही चौरस मीटरला दोनशेच्या वर जातात, म्हणून भिंतीची रेषा सोडायची नाही हे कायम राहिलं.

दोन पेट्यांत कोकोपीटच्या जागी सुनेनं घरचं सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा टाकला. पैसे वाचवायचा विचार चुकीचा नव्हता, पण कुटार कच्चं होतं. कच्चं कुटार कुजताना त्याच्यावरचे जिवाणू मिश्रणातला नत्र आपल्यासाठी ओढून घेतात. त्या दोन पेट्यांतला पालक बोटाएवढा होऊन थांबला, खालची पानं पिवळी. गोमूत्र दहापट पाण्यात करून आठवड्यानं दोनदा दिलं तेव्हा हिरवा झाला, तरी बाकी पेट्यांच्या मागेच राहिला. पुढच्या वर्षी तेच कुटार शेणकाल्यात थर लावून पावसाळाभर कुजवलं आणि कोकोपीट विकत आणायची गरज उरली नाही. आमच्या भागात कुटाराचे ढीग जळतात आणि कोकोपीट ट्रकनं दक्षिणेतून येतं. असो.

पाणी

विदर्भात हिवाळ्यात दिवसाला तीन-चार मिलिमीटर पाणी पिकातून आणि मातीतून उडतं, मे महिन्यात दहाच्या वर जातं. या पेटीच्या मापात सांगायचं तर हिवाळ्यात रोजचं सव्वा ते पावणेदोन लिटर, मे महिन्यात साडेचार-पाच, आणि तापलेल्या स्लॅबावर त्याहूनही जास्त. भरलेल्या पेटीत रोपाला घेता येईल असं पाणी फार तर बारा-पंधरा लिटर. म्हणजे हिवाळ्यात एका दिवसाची चूक खपते, मे महिन्यात खपत नाही.

गावात नळ एक दिवसाआड येतो. शिडीवरून बादल्या चढवणं सुनेच्या वाट्याला होतं, आणि पहिल्या पावसाळ्यानंतर तिची चिकाटी संपत आली होती ती भाजी गेली म्हणून नव्हे, या शिडीमुळे. परसबागेच्या कोणत्याही तक्त्यात हे काम मोजलेलं नसतं. आता भिंतीच्या कोपऱ्यावर, चार विटांच्या थरावर 200 लिटरचा प्लास्टिकचा ड्रम आहे. नळ आला की घरची छोटी मोटर तो भरते. ड्रमातून वावरातल्या ठिबकच्या जुन्या नळ्या पेट्यांवरून फिरवल्या आहेत. उंची कमी असल्यानं दाब नसतो, थेंब फार हळू पडतो, आणि ड्रमाजवळची पेटी लांबच्या पेटीपेक्षा जास्त पिते. म्हणून लांबच्या पेट्यांत दोन-दोन ड्रिपर बसवले. ड्रमही भिंतीच्या कोपऱ्यावरच का, हे आता घरात कोणी विचारत नाही, भरला की तोही दोन क्विंटलचा आहे.

पाणी द्यायचं की नाही हे वरची माती बघून ठरवू नका, असं मी सगळ्यांनाच सांगतो. कोकोपीट-तुसाचं मिश्रण वरून तासाभरात फिकट दिसतं आणि आत ओलं असतं. बोटाची दोन पेरं आत घालायची. सासूबाईंनी यावर स्वतःची युक्ती काढली: पेटीची कड एका बाजूनं किंचित उचलून पाहायची. पेटी सहज हलली तर पाणी द्यायचं.

कॅलेंडर उलटं केलं

वावराची घडी मृगावर चालते. पाऊस आला की पेरा. स्लॅबावरच्या पालेभाजीसाठी मृग हा सर्वांत वाईट मुहूर्त आहे. झडीचा मार थेट कोवळ्या पानांवर, रोपं बुडाशी कुजणं, पेटीतलं खत धुऊन जाणं. आणि मार्चनंतर ऊन. मधला काळ मात्र, हस्ताच्या पावसापासून होळीपर्यंत, इथं भाजीसाठी अप्रतिम असतो. म्हणून दुसरी सुरुवात हस्तात केली, सप्टेंबरच्या शेवटी.

सांबाराचं बी म्हणजे धणे, आणि एक धणा म्हणजे दोन दाण्यांची जोडी. अख्खा पेरला तर उगवण रेंगाळते आणि विरळ होते. सासूबाई धणे ओट्यावर पसरून वरून विटेचा सपाट तुकडा हलक्या हातानं फिरवतात. दाब एवढाच की धण्याच्या दोन डाळी सुट्या व्हाव्यात, चुरा होऊ नये. कर्रकर्र आवाज थांबला की हात थांबतो. मग पाखडून, रात्रभर पाण्यात, सकाळी फडक्यावर निथळून, ओळीत पेरणी. सांबाराला उगवायला थंडावा लागतो. पारा तिशीच्या वर असला की तो रुसतो, उगवला तरी पानांआधी फुलावर येतो. ऑक्टोबरमधल्या पेट्या आठ-दहा दिवसांत हिरव्या झाल्या आणि दिवाळीनंतर कापणीला आल्या. सगळ्या पेट्या एका दिवशी न पेरता पंधरा-पंधरा दिवसांनी एक पेटी पेरायची, हे सुनेचं स्वतःचं डोकं. कपाशीवाल्या घरात सगळं एकदमच पेरायची सवय असते. एकदम पेरलेला सांबार एकदम तयार होतो आणि निम्मा शेजारी वाटावा लागतो.

मेथी, पालक, मुळा, लसणाची पात यांत सांगण्यासारखं काही नाही, थंडीत ते आपोआप येतात. पालक उपटायचा नाही, बुडापासून दोन बोटं ठेवून कापायचा, चार-पाच वेळा फुटतो. टमाट्याची रोपं ऑक्टोबरमध्येच लावायला हवीत, कारण दिवस पस्तिशीच्या वर आणि रात्री पंचविशीच्या वर गेल्या की फुलं फळ न धरता गळतात. इथं ते मार्चच्या शेवटापासून सुरू होतं. पुदिन्याला वेगळी पेटी, नाहीतर तो शेजाऱ्याला गिळतो. गोडलिंबाचं, म्हणजे कढीपत्त्याचं झाड पेटीत घालू नका, त्याला जमिनीतच जागा द्या.

फेब्रुवारी लागला की पश्चिमेच्या बाजूनं 50 टक्के ऊन अडवणारी ग्रीन नेट. ती डोक्याच्या वर बांधायची, पिकाला टेकवायची नाही, म्हणजे खालून वारा खेळतो. एप्रिल-मेमधलं वावधान नेटला शिडासारखं धरतं, तेव्हा गाठी अशा मारायच्या की जोराच्या वाऱ्यात नेट सुटावी, कठडा ओढला जाऊ नये. पेट्यांच्या बाहेरच्या फळ्यांना चुना लावला, स्लॅबालाही. पांढऱ्या स्लॅबाचा आणखी एक फायदा घरातल्यांनाच झाला, खालची खोली दुपारी थोडी निवलेली असते.

आणि मे? वर्धा, चंद्रपूर, अकोला भागात पारा 45 पार करतो. माती पस्तिशीच्या वर तापली की मुळांचं काम मंदावतं, मग वरून कितीही पाणी द्या, पानं दुपारी माना टाकतात. मेमध्येही स्लॅबावर भाजी काढून दाखवणारे आहेत, त्यांचं कौतुक. या घरानं मात्र ठरवलं की मेमध्ये नळाचं पाणी जनावरांना आणि माणसांना. गवार, चवळी आणि थोडी मिरची एप्रिलपर्यंत चालवायची, मग पेट्या रिकाम्या. मी याला हार समजत नाही. वावरही उन्हाळ्यात रिकामंच असतं.

पंपाचा घोळ

दुसऱ्या हिवाळ्यात टमाट्याची पानं अचानक विचित्र झाली. कोवळे शेंडे लांबट, अरुंद, दोरीसारखे पिळलेले, शिरा एकमेकींजवळ आलेल्या. शेजारच्यांनी चुरडा-मुरडा, म्हणजे पानं आकसवणारा विषाणूचा रोग, म्हणून निकाल दिला आणि रोपं उपटायला सांगितली. पांढरी माशी कपाशीवरून येते, भेंडीवर ती पिवळ्या शिरांचा रोग आणते, टमाट्यावर पर्णगुच्छ, तेव्हा शंका रास्त होती. पण माशी दिसत नव्हती, आणि बिघाड एकाच वेळी चारही पेट्यांत, सारखाच.

ओळखलं मामाजींनी. वर ते सहसा येत नाहीत, त्या दिवशी शिडी चढून आले, एक शेंडा बोटात धरून उलटसुलट केला आणि म्हणाले, "हे रोग नोहे. हे म्या पऱ्हाटीवर पाह्यलं हाय." कपाशी 2,4-डी या तणनाशकाला फार नाजूक असते. त्याचा अंश लागला तरी पऱ्हाटीची रुंद पानं भेंडीच्या पानांसारखी अरुंद, बोटाळलेली होतात. टमाट्याचंही तसंच. सुनेनं निंबोळी अर्क फवारला होता तो घरच्या पंपानं, आणि त्याच पंपानं धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, तणनाशक मारलं होतं. पंप धुतला होता, पण साध्या पाण्यानं. नळी आणि नोझलमध्ये राहिलेला अंश टमाट्याला पुरेसा होता.

म्हणजे वावरातली जाण इथं उपयोगी पडली, आणि कृषी पदवी घेतलेला मी तिथंच उभा राहून विषाणूचा विचार करत होतो. रोपं उपटली नाहीत. बिघडलेले शेंडे खुडले, काही रोपांना खालून नवी फूट आली. फळ तोंडात घालायचं की नाही यावर मात्र आम्ही वाद घातला नाही, त्या हंगामाची फळं टाकली.

आता वर दोन लिटरचा वेगळा हातपंप आहे आणि तो खाली येत नाही. कपाशीचं कोणतंही औषध वर जात नाही. मोनोक्रोटोफॉस या कीटकनाशकाला आपल्याकडे भाजीपाल्यावर कधीचीच बंदी आहे, तरी खेड्यात "थोडंसं मारलं तर काय होते" हे वाक्य ऐकू येतं. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले, ते उघड्या वावरात. पालेभाजी आज फवारून परवा ताटात येते, तिच्यावर तर थोडंसंही नको. माव्याला पाण्याचा जोरदार फवारा, तेवढ्यानं भागलं नाही तर निंबोळी अर्क: दहा लिटर पाण्याला अर्धा किलो निंबोळीची भरड, रात्रभर भिजवून, कापडातून गाळून, संध्याकाळी.

वानरांबद्दल थोडक्यात. टोळी आली की नेट, बुजगावणं, ताट वाजवणं यातलं काही चालत नाही. टमाटे आणि शेंगांच्या पेट्यांवर तारेच्या जाळीचे पिंजरे केले. मिरची, पुदिना, गवती चहा उघडेच आहेत, त्यांना ती सहसा शिवत नाहीत.

जीवामृत पुरतं का

हा प्रश्न गटातल्या प्रत्येक बैठकीत येतो. जीवामृताचा प्रसार करणारे सुभाष पाळेकर आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याचे, त्यामुळे जीवामृत इथं घरोघरी माहीत आहे. एकराला 200 लिटर पाणी, दहा किलो शेण, पाच ते दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन, मूठभर बांधावरची माती. या घरानं त्याचं दहा लिटरचं माप काढलं: अर्धा किलो शेण, पाव ते अर्धा लिटर गोमूत्र, शंभर-शंभर ग्रॅम गूळ आणि बेसन. दोन-तीन दिवस सावलीत, रोज ढवळून.

मी त्याला नाही म्हणत नाही, पण एकट्या जीवामृतावर पेटी चालणार नाही. त्यामागचा युक्तिवादच असा आहे की जमिनीत अन्नद्रव्यं भरपूर आहेत, जिवाणू ती पिकाला मोकळी करून देतील. काळ्या जमिनीच्या खोल थरांबाबत यावर वाद तरी घालता येतो. 84 लिटरच्या पेटीत मोकळं करायला आहेच किती? आपण जेवढं टाकू तेवढंच, आणि प्रत्येक कापणीबरोबर ते ताटात जातं. म्हणून दर कापणीनंतर पेटीमागे दोन ओंजळी गांडूळखत किंवा कुजलेलं शेणखत, आणि फळभाजीला महिन्यातून एकदा सरकी ढेप भिजवून तिचं पाणी. ढेप गोठ्यात होतीच. गाईच्या वाट्याची ढेप टमाट्याला जाते म्हणून सासूबाईंनी थोडी कुरकुर केली, ती अजून चालू आहे.

बोअरच्या पाण्यानं पेट्यांच्या भोकांपाशी पांढरा थर धरतो. जड पाण्यामुळे मिश्रणाचा सामू (पीएच) चढतो, लोह मिळेनासं होतं आणि नवी पानं शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडतात. पावसाळ्यात रिकाम्या पेट्या उघड्या ठेवल्या की क्षार धुऊन निघतात. झडीचा एवढा तरी उपयोग होतो.

सध्या काय आहे

बारा पेट्यांवर पाच माणसांचं घर चालत नाही, आणि तसं सांगून कोणाला पेट्या घ्यायला लावू नये. ऑक्टोबर ते मार्च सांबार, पालक, मेथी, लसणाची पात आणि हिरवी मिरची विकत आणावी लागत नाही. टमाटे अधूनमधून. कांदे, आलू, कोहळं, गोबी बाजारातूनच. पैशांत बचत किती, हे सुनेनं मांडून ठेवलेलं नाही. ती म्हणते, फरक बुधवारी कळतो, कारण बाजार सोमवारचा आणि पूर्वी बुधवारनंतर ताटात फक्त वरण किंवा झुणका असायचा.

पावसाळ्यासाठी दोन पेट्या हळदीला दिल्या आहेत. वायगावची हळद याच तालुक्यातली, 2016 मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं, बेणं ओळखीतून आलं. जूनमध्ये लावायची, आठ-नऊ महिन्यांनी काढायची. या पेट्या काठोकाठ भरल्या आहेत, कारण गड्ड्यांना नऊ इंच जेमतेम पुरतात. झडीचा तिला त्रास नाही, फक्त पाणी तुंबायला नको, आणि वानरं पानं हुंगून पुढे जातात.

तीन पेट्यांच्या तळफळ्या सडल्या. पॅकिंगचं लाकूड दोन पावसाळ्यांच्या पुढे जात नाही, विटांवर असूनही एका पेटीला उधई, म्हणजे वाळवी लागली. सागाच्या पेट्या परवडत नाहीत. मामाजींनी हिंगणघाटच्या फळबाजारातून संत्र्याचे जुने प्लास्टिक क्रेट आणले आहेत, आतून ग्रीन नेटचं अस्तर, बाहेरून उन्हासाठी बारदान. बाजूंनी हवा लागते म्हणून ते लवकर सुकतात, तेव्हा त्यांच्या ओळीला ठिबकची एक नळी जादा टाकावी लागेल. पहिले दोन क्रेट हस्तात भरायचे आहेत, बाकीचे त्यांचं पाणी किती लागतं ते बघून.